बुडाला हात लावा

(पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात, पहिली होडी घेऊ पाहणाऱ्या तरुण मच्छीमारांपुढे झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून शब्दांकन केलं आहे.)

मंडळी, बाहेर पाऊस ओततोय आणि तरीही एवढे जण आलात, म्हणजे यंदा बऱ्याच घरांत होडी घ्यायचं चाललंय. नवी नव्हे, जुनी. नवी बांधून घेणं आता बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेलंय, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि जुनी होडी घेण्यात कमीपणा काही नाही. माझ्या वडिलांची पहिली होडी जुनी होती, माझीही जुनीच, आणि आज माझ्या मुलाच्या नावावर आहे तीही आम्ही दुसऱ्याकडून घेतलेली.

माझा धंदा इंजिनाचा. वीस-बावीस वर्षं देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत होड्यांची इंजिनं उघडतोय. तुम्हाला वाटेल, हा माणूस आता इंजिनावर बोलणार. बोलेन, पण उशिरा बोलेन. त्याला कारण आहे.

२०११ साली मी माझी पहिली होडी घेतली. अठ्ठावीस फुटी, सागवानी, वरून फायबर चढवलेली, आत दोन सिलिंडरचं इंजिन. मालक दुसऱ्या बंदरातले, वयस्कर, बोलायला मोकळे. त्यांनी मला मुद्दाम फसवलं असं मी आजही म्हणणार नाही. मी गेलो, हत्यारांची पेटी उघडली आणि अडीच तास इंजिनात डोकं घालून बसलो. हेड बघितलं, नोझल काढून बघितले, पंप तपासला. इंजिन खणखणीत होतं. मी खूश. दोन लाख साठ हजारांना सौदा ठरला. होडी तेव्हा खाडीत नांगरावर होती. बूड बघायचं तर ती वर ओढायला हवी, ओढायला माणसं हवीत, आणि नारळी पौर्णिमा आली होती आठ दिवसांवर. म्हटलं, फायबर तर आहे, पाणी कुठून येणार?

ऑक्टोबरात एका सकाळी आम्ही दहा वाव, म्हणजे साठेक फूट खोल पाण्यात होतो. मी, माझा मामेभाऊ आणि एक खलाशी. जाळं निम्मं आत आलं होतं. मामेभाऊ म्हणाला, पायाखालच्या फळ्या हलतायत. बघतो तर फळ्या तरंगत होत्या. रोज सकाळी दोन बादल्या पाणी निघायचं, ते अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी दोघं आळीपाळीने तीन तास उपसत राहिले आणि मी इंजिन चालू ठेवून बंदर गाठलं. पाणी इंजिनापर्यंत चढलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मामेभावाच्या तळहाताची सालं निघाली होती. घरी आल्यावर त्याच्या आईने माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरलेलो नाही.

होडी ओढली आणि मेस्त्रींना बोलावलं. आमच्याकडचे जुने सुतार, आता नाहीत. त्यांनी लाकडी मोगरी घेतली आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, ठोकत ठोकत मागे निघाले. टण, टण, टण. बुडाच्या मधल्या कण्याला लागून जी पहिली फळी असते, तिच्यापाशी आवाज बदलला. धप. पुन्हा ठोकलं, पुन्हा धप. पटाशीने त्यांनी तळहाताएवढा फायबरचा चौकोन कापून काढला. आतून तपकिरी पाणी आलं आणि पाण्यामागून लाकूड, भिजवलेल्या पोह्यांसारखं, बोटांनी उचलता येईल असं. मग त्यांनी टोचायची आरी टेकवली. जोर दिलाच नाही, नुसती टेकवली, आणि ती मुठीपर्यंत आत गेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू इंजिनवालो, म्हणान तू इंजिन बघलंस. रंगाक भुला नको रे. बुडाक हात लाव.”

आज मी जे सांगणार आहे ते सगळं त्या एका वाक्यातून निघालंय. ज्याला जे कळतं तेवढंच तो तपासतो. इंजिनवाला इंजिन बघतो, जाळीवाला बघतो की जाळ्याला जागा किती आहे, पैशाची बाजू सांभाळणारा भाऊ किंमतच घासत बसतो. जे आपल्याला कळत नाही तिथे आपण मान डोलावतो, कारण विचारलं तर अडाणी दिसू अशी भीती असते. म्हणून माझा पहिला सल्ला हा, की तुम्हाला जे कळत नाही तिथून सुरुवात करा, आणि ज्याला कळतं त्याला बरोबर न्या. त्याची दिवसाची मजुरी द्या, जाण्यायेण्याचा खर्च द्या, जेवू घाला. मेस्त्रींना मी सौद्याआधी नेलं असतं तर हजार रुपये गेले असते. नंतर बोलावलं तेव्हा फळ्या, वाके म्हणजे आतल्या बरगड्या, फायबर आणि बुडालेले दिवस धरून एक लाख पंधरा हजार गेले.

आता लाकूड कुजतं कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते आपोआप कळेल. होडीला समुद्र कुजवतो असा समज आहे. खरं म्हणजे खाऱ्या पाण्यात लाकूड बरंच टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही. कुजवतो तो पाऊस. गोडं पाणी वरून झिरपतं, फळीच्या सांध्यात, खिळ्याच्या भोकात, आडव्या लाकडांच्या टोकांशी साठतं, वारा लागत नाही, आणि तिथे लाकूड भुसभुशीत होतं. आपले वाडवडील मे महिन्यात होड्या ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवायचे, ते उगीच नाही. म्हणून जुनी होडी बघताना डेकच्या कडेखाली हात घाला, झाकणाच्या चौकटीच्या कोपऱ्यात आरी टोचा, केबिनचे खांब जिथे उभे राहतात ती जागा बघा. आणि मालकाला सरळ विचारा, गेले तीन पावसाळे ही कुठे होती? छपराखाली, ताडपत्रीखाली, की उघड्यावर? उत्तर खरं की खोटं ते शेजाऱ्यांना विचारलं की कळतं.

खालून मात्र दुसराच शत्रू असतो. लाकूड पोखरणारा किडा. दिसायला अळीसारखा, पण खरं म्हणजे तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी. लहानपणी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि मग आतल्या आत वाढत, बोगदा काढत जातो. बाहेरून फळी गुळगुळीत दिसते, आतून पोळं झालेलं असतं. जुन्या काळी मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचं तेल लाकडाला चोपडायचे, बुडाला चुना आणि तेलाचा लेप द्यायचे. आता विषारी रंग मिळतात. तेव्हा बुडावर टाचणीएवढी भोकं दिसतात का, हे उन्हात बसून, चष्मा लावून, वितीवितीने बघा. तासभर लागला तर लागू दे.

लाकडावर फायबर चढवलेली होडी असेल तर हे दोन्ही झाकलं जातं, आणि तिथेच मी फसलो. चांगल्या, कोरड्या लाकडावर नीट चढवलेलं फायबर होडीचं आयुष्य वाढवतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओल्या किंवा कुजायला लागलेल्या लाकडावर ते चढवलं तर आतली ओल आतच कोंडली जाते. म्हणून विचारायचं ते हे, की फायबर कधी केलं, कुणी केलं, आणि त्या वेळी फळ्या बदलल्या का? ज्याने केलं त्याला जाऊन भेटा. आणि मोगरी घेऊन पूर्ण बूड ठोका, एक वीतही सोडू नका. कान दोन दिवसांत तयार होतो. चांगल्या होडीवर आधी ठोकून बघा, मग वाईट आवाज आपोआप ओळखू येतो.

पूर्ण फायबरच्या छोट्या होड्यांचं वेगळं. त्यांच्या डेकवर टाच दाबून चाला, जिथे दबेल तिथे आतला गाभा भिजलाय समजा. बुडावर गोवरासारखे फोड आलेत का बघा. आणि मागची सरळ फळी, जिच्यावर बाहेरचं इंजिन लटकतं, तिच्यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या. तिच्या आत बहुधा प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकांतून पाणी आत जातं. इंजिन वर उचललेल्या अवस्थेत त्यावर हाताने भार द्या. कोपऱ्यात बारीक केसासारख्या चिरा उघडमीट करताना दिसल्या तर ती फळी नवी करावी लागणार, आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

आणखी एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. होडीच्या मागे वीस पावलांवर जाऊन उभे राहा आणि एक डोळा मिटून तिच्या कडेची रेघ बघा. दोन्ही बाजूंना सारखी, सलग वळलेली दिसली पाहिजे. मधे उंच आणि दोन्ही टोकं खाली झुकलेली दिसली, तर तिची पाठ मोडायला आली आहे. खाली कणाही तसाच बघा. अशी होडी फुकट दिली तरी घेऊ नका. फळी बदलता येते, पाठ बदलता येत नाही.

हे सगळं बघायचं तर होडी कोरड्यावर हवी. म्हणूनच मी तुम्हाला आज, बंदीच्या दिवसांत, हे सांगतोय. १ जून ते ३१ जुलै समुद्र आपल्याला बंद आहे, पण या एकसष्ट दिवसांत डहाणूपासून रेड्डीपर्यंत होड्या वर आहेत. बूड बघायला याहून चांगला मुहूर्त नाही. विजयदुर्गाजवळ, वाघोटणच्या खाडीत, गिर्ये गावाशी खडकात कोरलेली आंग्र्यांच्या काळातली गोदी तुमच्यातल्या कितीजणांनी बघितलीय? जहाज आत घ्यायचं, पाणी रोखायचं आणि कोरड्यावर त्याच्या बुडाची डागडुजी करायची, यासाठी त्यांनी खडक फोडला. आरमार चालवणाऱ्यांना बुडाची एवढी काळजी होती. आपण तर तिघंचौघं आपला जीव घेऊन जातो.

होडी पाण्यात असतानाच विकायची आहे, ओढता येणार नाही, असं मालक म्हणाला तर ओढण्याचा खर्च मी देतो म्हणा. तरीही नाही म्हणाला तर नमस्कार करून परत या.

एक गोष्ट पटकन सांगतो. होडी चांगली असणं वेगळं आणि ती तुमच्या बंदराची असणं वेगळं. खाडीत, खोल पाण्यात नांगरून राहणाऱ्या होडीचं बूड आणि रोज वाळूवर ओढायच्या होडीचं बूड सारखं नसतं. तुमच्या धक्क्यावर ओहोटीला, उधाणाच्या ओहोटीला, किती पाणी उरतं ते मोजा आणि मग होडी किती बुडते ते बघा. आपली कितीतरी बंदरं गाळाने भरलीयत. होडी बाहेर सहा तास अडकून राहिली की मासळीचा भाव आणि बर्फ दोन्ही जातात. तसंच नंतर वर उंच केबिन बसवलीय का, मागे जड विंच टाकलंय का, तेही विचारा. बांधणाऱ्याने जो तोल धरला होता तो वर वजन टाकून बिघडतो, आणि ते किनाऱ्यावर कळत नाही. आडव्या लाटेत कळतं.

आता कागद. हा माझ्या अज्ञानाचा दुसरा प्रांत होता, म्हणून थोडा वेळ घेतो.

होडी आपल्याला लाकूड आणि लोखंड वाटते, पण मासेमारीसाठी ती उपयोगी पडते ती नोंदणी आणि परवान्यामुळे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी म्हणजे ही नौका कुणाची आणि कशी आहे याचा दाखला. त्यावरचा क्रमांक ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होतो आणि तोच होडीच्या अंगावर रंगवलेला असतो. परवाना म्हणजे या होडीने कुठल्या प्रकारची मासेमारी करायची याची परवानगी, १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. आधी अंगावरचा क्रमांक, कागदावरचा क्रमांक, लांबी, इंजिनाचा नंबर आणि अश्वशक्ती हे सगळं एकमेकांशी जुळवा. मोबाईलवर फोटो काढा, घरी येऊन शांतपणे पुन्हा जुळवा. इंजिनावर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर वेगळा निघण्याचे प्रकार मी माझ्या हाताने उघडलेल्या इंजिनांत पुष्कळदा बघितलेत. मालकाने मधे इंजिन बदललं आणि नोंद केली नाही, एवढंच बहुधा असतं. पण ती दुरुस्ती त्याने करायची, तुम्ही नाही, आणि पैसे हातात पडण्याआधी करायची.

परवान्यावर जाळ्याचा प्रकार वाचा. तुम्हाला गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकतो ते जाळं, टाकायचंय आणि परवाना दुसऱ्या जाळ्याचा आहे, असं व्हायला नको. पर्ससीनबद्दल, म्हणजे माशांच्या थव्याला घेरून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्याबद्दल, तर फार सांभाळून. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने त्याचे नवे परवाने थांबवले आणि असलेले टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. तेव्हा “परवाना नंतर मिळेल, मी बघतो” असं कुणी सांगत असेल तर त्या शब्दावर एक रुपया देऊ नका. दिव्यांच्या झोतावर मासेमारी करण्याचं सामान ज्या होडीवर बसवलंय, तिचीही पूर्वपीठिका विचारा. केंद्राने ती मासेमारी २०१७ मध्ये बंद केली, आणि २०२१ ला आपला राज्याचा कायदा बदलला तेव्हा दंड लाखांच्या घरात गेले. आधीच्या मालकाच्या नावावर काही प्रकरण चालू आहे का? पूर्वी हे तहसीलदारांकडे चालायचं, आता मत्स्यव्यवसाय खात्याचे अधिकारी बघतात. आपल्या परवाना अधिकाऱ्यांना जाऊन विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग बोजा. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी होड्या राष्ट्रीय सहकारी विकास निगमाच्या कर्जातून, मच्छीमार सोसायट्यांमार्फत बांधल्या गेल्या. कर्ज फिटलं नसेल तर ती होडी मालकाची पूर्ण झालेलीच नाही. सोसायटीचा आणि बँकेचा लेखी दाखला हवा, की येणं बाकी काही नाही. डिझेलची उधारी, बर्फाची उधारी हीसुद्धा विचारा. कायद्याने ती तुमच्यावर येवो न येवो, माणसं धक्क्यावर होडीच अडवतात. आणि नाव बघा. होडी वडिलांच्या नावावर, वडील वारले, तीन भाऊ आणि दोन बहिणी, आणि विकतोय एकटा धाकटा. असा सौदा माझ्या एका मित्राने केला. दुसऱ्या वर्षी बहीण उभी राहिली, आणि तिची बाजू खरी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. बहिणींच्या तर पहिल्या.

परराज्यातली होडी स्वस्त मिळते म्हणून जाणारे आहेत. जा, पण तिथल्या खात्याचा ना हरकत दाखला आणि तिथली नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय होडी इकडे आणू नका. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे गुजरातची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवून आले होते. तेव्हापासून समुद्रावर आपल्या प्रत्येकाकडे चौकशीच्या नजरेने बघितलं जातं, आणि ते बरोबरही आहे. तुमच्या अंगावरचा क्रमांक आणि खिशातला कागद जुळत नसेल तर तुम्ही कितीही खरे असलात तरी तो दिवस तुमचा नाही.

नोंदणीचं हस्तांतरण पूर्ण होऊन तुमचं नाव लागेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. थोडी मागे ठेवा, आणि ते करारनाम्यात लिहा. चांगला मालक याला हरकत घेत नाही.

हं, आता इंजिन. इथे मी घरच्या अंगणात आहे, म्हणून आवरतं घेतो, नाहीतर रात्र होईल.

पोचल्याबरोबर काही न बोलता इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधी ते चालवलंय. कदाचित चांगल्या मनाने, दाखवायला सोपं जावं म्हणून. पण तुम्हाला थंड इंजिन सुरू होताना बघायचंय, म्हणून चहा घ्या, गावात फेरी मारा, दोन-तीन तासांनी परत या. थंड असताना तेलाची कांडी काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. गिअरचं तेलही तसंच बघा, ते बघायला बहुतेक जण विसरतात. मग सुरू करा आणि धुराकडे बघा. सुरुवातीचा थोडा धूर सोडून द्या. गरम झाल्यावरही निळा येत राहिला तर इंजिन तेल जाळतंय. पांढरा येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. भार पडल्यावर दाट काळा आला तर हवा कमी पडतेय, नोझल बिघडलेत किंवा होडी ढकलणारा पाण्यातला पंखा इंजिनाला जड आहे.

धक्क्यावर बांधून इंजिन चालवून दाखवणं म्हणजे काहीच नाही. होडी पाण्यात असेल तर खाडीच्या तोंडाबाहेर न्या आणि तासभर पूर्ण भारावर चालवा. तेव्हा तापमान कुठे थांबतं ते बघा, थंड करणारं पाणी बाहेर जोरात पडतंय का ते बघा. बंदीच्या दिवसांत हे करता येत नाही, हे मान्य. मग करारात लिहा, की पहिल्या फेरीत इंजिन तासभर भारावर चाललं तर उरलेली रक्कम. आणि होडी वर आहे तेवढ्यात मागचा पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे कटकट जाणवली तर बुश गेलाय. शाफ्टवरचा, गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा पूर्ण झिजून गेला असेल आणि कुणी बदललाच नसेल, तर मला त्या मालकाची सगळी रीत कळते. ज्याने तो वेळेवर बदलला त्याने तेलही वेळेवर बदललेलं असतं.

माणसांना विचारा, हे मी मघापासून सांगतोय, पण कुणाला? त्या होडीवर दोन वर्षांपूर्वी काम करून सोडून गेलेल्या खलाशाला शोधा. त्याला चहा पाजा आणि एकच विचारा, दर्याला उठाव असला की ही कशी वागते? तो हातवारे करून दाखवेल. नाळ पाण्यात घालते, की उडी मारते, की एका अंगावर पडून राहते, हे त्याच्या हातांत दिसतं. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, विचारा, रोज सकाळी किती बादल्या पाणी निघायचं? मालक सांगतो त्यापेक्षा हा आकडा मला खरा वाटतो.

पैशाचं थोडक्यात. तुमच्याकडे दहा रुपये असतील तर सातचीच होडी बघा. तीन रुपये पहिल्या हंगामाला ठेवा, ते लागतातच. त्यातले पहिले जीव वाचवणाऱ्या सामानाला. प्रत्येक माणसामागे लाइफ जॅकेट, आणि ते जुन्या मालकाने दिलंय तर पाण्यात घालून, अंगात चढवून बघा, नुसतं मोजू नका. सरकारच्या योजनेतून होडीवर ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र, बसवलेला असेल तर तो तुमच्या नावावर लावून घ्या, नाहीतर संकटात निरोप जाईल तो जुन्या मालकाच्या नावाने. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर केबिनमध्ये रंगाने लिहा. मोबाईलमध्ये असून उपयोग नाही, मोबाईल भिजतो.

आणि भाव करताना एक मनात ठेवा. जूनमध्ये विकणारा बहुधा अडचणीत असतो. हंगाम संपलेला, शाळा सुरू झालेल्या, घरात कुणाचं आजारपण. त्यामुळे भाव पडतो, हे खरं. दोष दाखवून किंमत उतरवा, तो तुमचा हक्क आहे. त्याच्या अडचणीची किंमत लावू नका. उद्या त्याच समुद्रात तुमचं इंजिन बंद पडलं, तर दोर टाकायला तोच येणार आहे.

आत्ता इथून एक प्रश्न आला, की होडी पाण्यात टाकल्यावर पहिल्या दिवशी गळते, तर फसलो असं समजायचं का? फार चांगला प्रश्न आहे. लाकडी होडी दोन-तीन महिने कोरडी राहिली की फळ्या आक्रसतात. तेलातला कापूस ठासून फटी भरल्या तरी पाण्यात टाकल्यावर ती थोडी गळतेच, मग लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी मिटतात. गळते की नाही, याला पहिल्या दिवशी अर्थ नसतो. गळणं कमी होतंय का, ते बघायचं. फायबर चढवलेलीला मात्र हे लागू नाही. ती गळली तर लगेच वर घ्या.

आमची दुसरी होडी निव्वळ लाकडी होती. ती घेताना मेस्त्री माझ्याबरोबर आले, ती त्यांनी बघितलेली शेवटची होडी. पाण्यात टाकल्यावर मला म्हणाले, आज घरी जाऊ नको. मी रात्रभर होडीवर थांबलो. त्यांनी एक बांबूची काठी दिली होती, बोटबोटभर अंतरावर खाचा केलेली. ती बुडात उभी धरायची, पाणी कुठवर आलं ते बघायचं, आणि मग सगळं पाणी उपसून टाकायचं. दर तासाला. रात्री नऊला सहा खाचा भिजल्या. दहाला सहा. मला धडकी भरली. बाराला पाच. दोनला तीन. पाऊस थांबला होता, खाडी गप्प होती, फळ्यांतून मधूनच करकर आवाज यायचा, लाकूड फुगत असल्याचा. चारला काठी घातली, एक खाच. पाचला अर्धी. सहाला उजाडताना मेस्त्री धक्क्यावर छत्री घेऊन उभे होते. मी काठी वर करून दाखवली. टोक नुसतं ओलं होतं.